पुसावे किती, राखावे किती?

तृतीय वर्ष कला (इतिहास)

मागल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घराण्यात एक लहानसे युद्धच असते. माळ्यावरचे डबे खाली येतात, तांब्यापितळेची भांडी चिंचेच्या कोळात बुडतात, आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाती काही ना काही घासायला दिले जाते. त्या वर्षी मी ठाण्याला मामांकडे मदतीला गेले होते. त्यांच्या कपाटात, मिठाईच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात, धुवट मलमलीत गुंडाळलेली एक वस्तू मला सापडली. वीतभर लांबीरुंदीची चौकट. तिच्यात केसासारख्या बारीक तांबूस तारांची जाळी. आणि दोन तारा जेथे एकमेकींना छेदतात तेथे प्रत्येक ठिकाणी ओवलेली, मोहरीहून लहान अशी एक काळी कडी. चौकटीच्या कडेला डिंकाने चिकटवलेली कागदाची चिठ्ठी होती आणि तिच्यावर निळ्या शाईने काही लिहिलेले होते. या सगळ्यावर धुळीचा पातळ थर. मला वाटले, ही वस्तू लखलखीत करून मामांच्या हातात ठेवावी. ते खूश होतील. दात घासायचा जुना ब्रश घेतला, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवला आणि कामाला लागले.

पाच मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. ब्रशाच्या केसात कडेची एक तार अडकली आणि तुटली. आणि चिठ्ठीवरची शाई पसरून तिचा निळा ढग झाला. कागद माझ्या अंगठ्याखाली लापशीसारखा निघून आला.

मामा रागावले नाहीत. त्यांनी ती चौकट उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तार मी पुन्हा जोडीन गं. ती चिठ्ठी कोण लिहिणार?"

त्या प्रश्नाने मला वर्षभर सोडले नाही. म्हणून हा लेख. जुन्या संगणकांची, त्यांच्या सर्किट बोर्डांची आणि कोअर मेमरीची निगा कशी राखावी हा विषय वार्षिक अंकाच्या कला विभागात काय म्हणून, असे काही प्राध्यापकांना वाटेल. मला उलट असे वाटते की, तो आजवर येथे आला नाही हेच आश्चर्य आहे.

प्रथम ती वस्तू काय होती ते सांगितले पाहिजे. आज आपण 'मेमरी' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर नखाएवढा चकचकीत तुकडा येतो. १९५० ते १९७५ या काळात संगणकाची स्मृती अक्षरशः ओवलेली असे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या हाताखाली 'व्हर्लविंड' नावाचा संगणक तयार होत होता. त्याची आधीची स्मृती विशिष्ट प्रकारच्या नळ्यांची होती, आणि त्या नळ्या भरवशाच्या नव्हत्या. १९५३ साली तेथे चुंबकीय कड्यांची स्मृती बसविण्यात आली आणि पुढील वीस-बावीस वर्षे जगातील बहुतेक मोठे संगणक याच कड्यांच्या आधारे आठवणी ठेवीत राहिले.

कडी असते फेराइटची. लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीबरोबर दुसऱ्या एखाद-दोन धातूंच्या ऑक्साइडांची भुकटी मिसळून, दाबून, भट्टीत भाजून ती करतात. म्हणजे ती जात्या कुंभाराच्या मडक्याचीच बहीण. तशीच कडक आणि तशीच ठिसूळ. सुरुवातीच्या कड्या दोन मिलिमीटरच्या आसपास असत. पुढे त्या अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, खसखशीच्या दाण्याला लाजवतील अशा झाल्या. प्रत्येक कडी एका किंवा उलट दिशेने चुंबकित होऊ शकते. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. प्रत्येक कडीतून एक आडवी आणि एक उभी तार जाते. दोन्ही तारांतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की, ज्या कडीवर त्या एकमेकींना भेटतात तेवढीच एक कडी पुरा प्रवाह अनुभवते आणि उलटते; बाकीच्या अर्ध्या प्रवाहाने हलत नाहीत. मामांच्या चौकटीत चौसष्ट आडव्या आणि चौसष्ट उभ्या तारा होत्या. म्हणजे ४०९६ कड्या. त्या सर्वांतून फिरलेली आणखी एक तार असते, ती कडी उलटली की नाही याची वर्दी देते.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट अशी की, ही स्मृती वाचली की पुसली जाते. कडीत काय आहे हे कळायला तिला शून्याकडे ढकलावे लागते. ती उलटली तर आत 'एक' होता, न उलटली तर 'शून्य'. उलटलेली असल्यास यंत्राला लगेच तिच्यात पुन्हा 'एक' लिहावा लागतो. एका सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात हे वाचणे, पुसणे आणि पुन्हा लिहिणे उरकते. परंतु वीज बंद केली तर? तर काहीही होत नाही. कडी ज्या दिशेला असेल त्याच दिशेला राहते. महिना, वर्ष, दशके. विजेवाचून आठवण ठेवणारे आणि वाचताना मात्र ती गमावणारे हे यंत्र आहे. जुनी पोथी हाताळताना आपले प्राध्यापक जे सांगतात, की प्रत्येक वाचनाने पान थोडे झिजते, तेच येथे शब्दशः घडते.

या कड्या ओवल्या कोणी? कारखान्यांत बहुतांशी स्त्रियांनी. भिंगाखाली, सुईने, तासन्‌तास. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकात तर कायमचा प्रोग्रॅमच तारांनी विणलेला होता. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रियांनी ही विणकामे केली आणि अभियंत्यांनी थट्टेने त्या स्मृतीला 'म्हाताऱ्या बायांची स्मृती' असे नाव ठेवले. आपल्याकडे रुखवतात मांडायला मण्यांचे राजहंस आणि तोरणे करणाऱ्या आज्यांना या कामाची जात तत्काळ कळेल. त्यांच्या राजहंसावरही त्यांचे नाव कोठे लिहिलेले नसते.

आता ही सगळी परक्या देशाची कथा झाली असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक आपल्याच माणसांनी बांधला. तो १९६० साली रीतसर कामाला लागला आणि १९६५ पर्यंत वापरात होता. त्यात २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याची स्मृती फेराइट कड्यांची होती: चाळीस अंकांचा एक असे २०४८ शब्द. गुणाकार करून पाहा. ८१,९२० कड्या होतात. आज मोबाईलवर येणाऱ्या एका छायाचित्रातही याच्या कितीतरी पट माहिती मावते. परंतु त्या वेळी नव्या प्रकारची ही स्मृती आपल्या हातांनी उभारणे हे धाडस होते. पंडित नेहरूंनी या यंत्राला नाव दिले. ते यंत्र आज कोठेही चालू स्थितीत नाही.

दुसरा धागा मामांच्या आयुष्याशी जुळलेला आहे. साठीच्या दशकात आपल्याकडील मोठ्या कचेऱ्यांत आणि रेल्वेत आय. बी. एम. कंपनीचे '१४०१' हे संगणक आले होते. हे यंत्र कंपनीने १९५९ साली जाहीर केले आणि जगभर त्याची दहा हजारांहून अधिक यंत्रे बसली. १९७८ साली आय. बी. एम. भारतातून निघून गेली. यंत्रे मात्र येथेच राहिली आणि ती चालू ठेवण्याचे काम १९७५ साली स्थापन झालेल्या सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आले. त्या सुमारास मामांसारखे अनेक तरुण अशा जुन्या यंत्रांच्या देखभालीत शिरले. नवा सुटा भाग मिळत नसे. मिळालाच तर परवान्याच्या कागदांतून उशिरा मिळे. म्हणून ही माणसे जुन्यातून जुने काढून यंत्र जिवंत ठेवीत. जगात ज्याला आज 'जुन्या संगणकांचे जतन' म्हणून कौतुकाने पाहिले जाते, ते आपल्या लोकांनी पोटासाठी आणि कर्तव्य म्हणून वर्षानुवर्षे केले. त्याची बखर कोणी लिहिली नाही.

मामांची ती चौकट अशाच एका यंत्रातली. ऐंशीच्या दशकात ते यंत्र किलोच्या भावाने भंगारात निघाले. कार्डांच्या कडेवरचे सोने काढण्यासाठी भंगारवाल्यांनी कार्डे आम्लात बुडवली, तांबे वेगळे केले, लोखंड वेगळे. मामांनी वरिष्ठांची परवानगी काढून ही एक जाळी घरी आणली. आणि ती चिठ्ठी? ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याने मामांना हे काम शिकवले, त्यांनी एका रात्रपाळीनंतर जाळी तपासून चिकटवलेली. तारीख, 'तपासले, ठीक' एवढे दोन शब्द, आणि आद्याक्षरे. ते गृहस्थ पुष्कळ वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या हातचे अक्षर मामांजवळ एवढेच होते.

दिवाळी झाल्यावर मामांनी मला समोर बसवले आणि निगा कशी राखावी याचे धडे दिले. ते मी येथे थोडक्यात मांडते; कारण पुढे मला जे म्हणायचे आहे ते या धड्यांतूनच निघाले आहे.

पहिला धडा: हात लावण्यापूर्वी पाहावे. यंत्र जसे सापडले तसे त्याचे छायाचित्र घ्यावे, कोणते कार्ड कोणत्या खाचेत आहे ते लिहून ठेवावे, चिठ्ठ्या, पेन्सिलीच्या खुणा, नंतर जोडलेल्या तारा यांची नोंद करावी. सर्किट बोर्डाच्या पाठीमागे पुष्कळदा एखादी वेडीवाकडी तार वरून सोल्डर केलेली दिसते. नवख्याला ती घाण वाटते. ती बहुधा चुकीची दुरुस्ती असते. म्हणजे यंत्र बनल्यावर त्यात सापडलेला दोष कोणीतरी कसा सुधारला याचा तो दस्तऐवज असतो.

दुसरा: वीज लावून पाहण्याची घाई करू नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वीजपुरवठ्यातील मोठे कपॅसिटर आतून कमजोर झालेले असतात. एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटतात आणि सोबत बोर्डही नेतात. पुरवठा आधी यंत्रापासून वेगळा करून तपासावा, दाब हळूहळू वाढवावा, दुसरा एखादा भार जोडून पाहावे, आणि मगच तो बोर्डाला जोडावा. कोअर मेमरीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. कड्यांत शेवटच्या दिवशी जे होते ते अजून तेथेच असू शकते. अविचाराने वीज सोडली, तर जे चाळीस वर्षे टिकले ते एका क्षणात जाईल.

तिसरा: धूळ कोरडी काढावी. चित्रकाराचा मऊ, नैसर्गिक केसांचा ब्रश घ्यावा. प्लास्टिकचे केस घासताना स्थिर वीज निर्माण करतात आणि ती नंतरच्या काळातील चिपांना मारक ठरते. धूळ खेचणारे यंत्र वापरायचे तर त्याच्या तोंडाला विरळ कापड बांधावे आणि तोंड दूर धरावे. नाही तर सुटलेला स्क्रू किंवा लेबल पोटात जाते.

चौथा: बोर्डाच्या कडेचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासू नयेत. वर्गात आपण जी युक्ती शिकतो ती येथे घातक आहे. सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि खोडरबर तो खरवडून नेते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले, धागे न सुटणारे कापड पुरते. कित्येकदा कार्ड काढून पुन्हा नीट बसवले तरी संपर्क सुधारतो, आणि 'बिघडलेले' यंत्र बोलू लागते.

पाचवा: १९८० नंतरच्या बोर्डांवर घड्याळासाठी लहान बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते. तिच्यातील क्षार तांब्याच्या रेघा खाऊन हिरवेनिळे करतो आणि बोर्डाच्या आत पसरत जातो. येथे मात्र थांबणे हाच गुन्हा. बॅटरी काढावी, पातळ व्हिनेगरने क्षार मारावा, मग शुद्ध केलेल्या पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावे. तीच गत खोक्यांत किंवा झाकणांत लावलेल्या स्पंजाची. काही वर्षांत त्याचा चिकट चिखल होतो आणि तो ज्याला लागेल त्याला धरतो. तो वेळीच काढलाच पाहिजे.

आणि सहावा, माझ्यासाठी: कोअर मेमरीच्या जाळीला शक्यतो काही करू नये. साबण नाही, ब्रश नाही, कापूस तर नाहीच. त्याचे तंतू कड्यांत अडकतात. जोराची फुंकर नाही, जवळ लोहचुंबक नाही. पातळ धूळ तिला काही करीत नाही. पावसाळ्यात ओल लागणार नाही एवढी काळजी घ्यावी, डब्यात ओल शोषणारी पुडी ठेवावी आणि चौकटीला कडेने धरावे. इतकेच.

हे सहा धडे ऐकताना माझ्या ध्यानात आले की, त्यांच्यात एक विरोध आहे. बॅटरीचा क्षार ताबडतोब काढा, पण धूळ राहू द्या. स्पंज फेका, पण वेडीवाकडी तार राखा. मग नियम कोणता? मामांनी तो सांगितला नाही; मला असा वाटतो: जी घाण वस्तूला खात आहे ती काढावी; जी घाण वस्तूबद्दल काही सांगत आहे ती राखावी; आणि ज्याबद्दल ठरवता येत नाही त्याला आज हात लावू नये. उद्या अधिक जाणणारा कोणी येईल. पुसणे केव्हाही करता येते. पुसलेले परत आणता येत नाही.

नाणकशास्त्राच्या तासाला आपण हेच शिकलो आहोत. जुने तांब्याचे नाणे चिंचेने घासले की ते घरच्या लोकांना आवडते आणि अभ्यासकाच्या दृष्टीने मरते. गडावरच्या शिलालेखावर हौशी मंडळी तैलरंग भरतात, अक्षरे 'उठून दिसावीत' म्हणून. आणि रंगाच्या थराखाली मूळ अक्षराची धार जाते. आपला समाज स्वच्छतेला शोभा मानतो, हे योग्यच आहे. परंतु शोभा आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जेथे त्या भांडतात तेथे जतनाचा पक्ष घेणारा माणूस आपल्यात दुर्मीळ आहे.

येथे एक प्रामाणिक मतभेद आहे, तो लपवून चालणार नाही. काही जाणकार म्हणतात, न चालणारा संगणक म्हणजे पेंढा भरलेला वाघ; तो चालवूनच दाखवला पाहिजे. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहासाच्या संग्रहालयात निवृत्त अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून दोन '१४०१' यंत्रे पुन्हा चालू केली. त्यांपैकी जर्मनीतून आणलेले यंत्र ओलीत राहून गंजलेले होते. एकेक कार्ड काढून तपासावे लागले. आज त्याचा छपाईयंत्राचा आवाज कानांनी ऐकता येतो. मिनिटाला सहाशे ओळी छापणारे ते यंत्र काय गोंगाट करी, हे कोणत्याही पुस्तकातून कळणार नाही. इंग्लंडमध्ये १९५१ सालचे हार्वेल येथील यंत्र २०१२ साली पुन्हा चालू झाले. त्याचे फिरणारे दिवे पाहिले की गणित कसे घडते ते डोळ्यांना दिसते. या पक्षाचे म्हणणे मला पटते.

दुसरा पक्ष म्हणतो, यंत्र चालवण्यासाठी बदललेला प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे मूळ पुराव्यातला एक शब्द खोडणे होय. शंभर भाग बदलल्यावर जे चालते ते जुने यंत्र की त्याच्या कपड्यांतले नवे? हेही मला पटते. आणि म्हणून माझे मत असे आहे: ज्या जातीची अनेक यंत्रे उरली आहेत त्यांतली काही अवश्य चालवावीत, जे एकमेव उरले आहे त्याला आधी कागदावर उतरवून घ्यावे, आणि मग फारच थोडे छेडावे. काढलेला प्रत्येक भाग पुडीत घालून, तारीख टाकून, यंत्राबरोबरच ठेवावा. बदल झाला याची लाज नाही. बदल लपवला याची असावी.

राखून ठेवल्याने काय मिळते, याचे दाखले पुरेसे आहेत. १९८६ साली 'चॅलेंजर' हे अवकाशयान आकाशात फुटून समुद्रात पडले. त्यातील संगणकांची स्मृती कोअर मेमरीची होती, आणि त्या भीषण आघातानंतर व समुद्राच्या पाण्यातूनही तिच्यातील मजकूर टिकून होता. अपोलोच्या विणलेल्या स्मृतीचे काही सुटे भाग संग्राहकांच्या कपाटांत पडून होते. अलीकडच्या वर्षांत जाणत्या लोकांनी ते जपून वाचले आणि त्यांतून, ज्यांची प्रत कोठे नाही असे समजले जाई, असे प्रोग्रॅम परत मिळाले. कोणीतरी ते घासून शोभेला ठेवले असते किंवा तांब्यासाठी विकले असते, तर हे झाले नसते. मामांच्या जाळीतही शेवटच्या रात्रपाळीचे काहीतरी असेल. एका जाळीत प्रत्येक शब्दातला एकच अंक असतो. म्हणजे एखाद्या पोथीतल्या प्रत्येक शब्दाचे एकेकच अक्षर. त्यावरून अर्थ लागणार नाही. पण म्हणून ते पुसण्याचा हक्क मला मिळत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. माझ्या एका मैत्रिणीने विचारले, "अगं, आपल्याकडे मोडी कागदपत्रांचे दप्तरच्या दप्तर वाळवी खाते आहे, आणि तुला लोखंडी कड्यांचा पुळका?" प्रश्न रास्त आहे. पण मोडी कागदांची आज जी दशा झाली ती का झाली? ज्या काळी ते कागद फक्त 'जुने' होते, 'प्राचीन' झाले नव्हते, त्या काळी ते रद्दी म्हणून गेले. जुने आणि प्राचीन यांच्या मधला जो काळ असतो, तोच कोणत्याही वस्तूचा सर्वांत धोक्याचा काळ. तेव्हा तिची उपयुक्तता संपलेली असते आणि तिची किंमत अजून कोणाला कळलेली नसते. संगणक आज नेमका त्या काळात आहे. विद्यार्थी म्हणून मोडी वाचायला आपण शिकतोच. पण उद्याच्या इतिहासाचे दप्तर आज आपल्या डोळ्यांदेखत भंगारात चालले आहे, तिकडेही पाहावे.

दुसरा आक्षेप असा की, हे विज्ञान शाखेचे काम. सोल्डर करणे, मल्टिमीटर लावणे, हे त्यांचे काम आहेच. ते आपण त्यांच्याकडून शिकावे. परंतु चिठ्ठी का राखावी, कोणती खूण महत्त्वाची, हे यंत्र कोणी, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या पगारावर जागत्या डोळ्यांनी चालू ठेवले, हे प्रश्न आपले आहेत. माझी चूक तंत्राच्या अज्ञानातून झाली हे खरे; पण चिठ्ठी गेली ती माझ्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थिनीच्या गाफीलपणामुळे. तीन वर्षे साधनांची चिकित्सा शिकलेली मी, समोर अस्सल साधन असताना तिला डाग समजले.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुढे, प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघांपुढे, तीन साध्या सूचना ठेवते. पहिली: कोणतेही जुने यंत्र, मग तो संगणक असो, टंकलेखन यंत्र असो वा चक्रमुद्रण यंत्र, निर्लेखित करून भंगारात देण्याआधी त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यावरील सर्व लेखन जसेच्या तसे एका वहीत उतरवावे. याला एक दुपार लागते, पैसे लागत नाहीत. दुसरी: ज्यांनी ही यंत्रे चालवली, दुरुस्त केली, ती पिढी आज सत्तरीत आहे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. कोर्ट-कचेऱ्यांचे कागद थांबतील. ही माणसे थांबणार नाहीत. तिसरी: ग्रंथालयात एक कोरडे, कुलूप लावता येईल असे कपाट या वस्तूंसाठी मिळावे, आणि त्यावर 'घासू नये' अशी पाटी असावी.

शेवटी त्या जाळीचे काय झाले ते सांगते. मामांनी तुटलेल्या तारेचे टोक भिंगाखाली अलगद खरवडले, एक बारीक तुकडा जोडून ती चौकटीच्या कडेला पुन्हा सोल्डर केली. मग मल्टिमीटरने एकेक तार तपासली. आडव्या चौसष्ट आणि उभ्या चौसष्ट, सर्व शाबूत. मला म्हणाले, "आता चिठ्ठी लिही."

मी विचारले, "काय लिहू मामा? त्यांचे शब्द पुन्हा लिहू का?"

"छे! ते तुझे शब्द नाहीत. तू काय केलेस ते लिही."

तेव्हा जाळीला न चिकटवता, डब्यात ठेवलेल्या एका स्वतंत्र कागदावर मी लिहिले: 'कडेची एक तार माझ्या हातून तुटली, मामांनी जोडली. चौकटीवर निळ्या शाईची चिठ्ठी होती. ती माझ्या हातून पुसली गेली. मामांच्या आठवणीप्रमाणे तिच्यावर तारीख, "तपासले, ठीक" हे शब्द आणि आद्याक्षरे होती.' खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली. मामांनी कागद वाचला, घडी घातली आणि मलमलीशेजारी ठेवून डबा बंद केला.